खेळही आणि दहावीही: खेळाडू मुलीचा आठवडा कसा लावावा

सकाळचा पहिला तास. तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या वहीत ओळ सरळ चालता चालता खाली घसरते आणि पेन तिथेच थांबतं. डोळे मिटलेले, कोपरावर खो-खोतल्या कालच्या पोल डाईव्हचं, म्हणजे खांबाजवळ मारलेल्या सुराचं, ताजं खरचटणं. पहाटे पाचला ती मैदानावर होती आणि आदल्या रात्री साडेअकरापर्यंत क्लासचा गृहपाठ करत होती. क्रीडाशिक्षक म्हणून अशा वह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. वर्गशिक्षक म्हणतात खेळ कमी कर, प्रशिक्षक म्हणतात क्लास सोड. झोपतेस किती, हे कुणीच विचारत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

पहिलं काम: झोप आधी लिहा

रविवारी संध्याकाळी एक मोठा कागद घ्या आणि सोमवार ते रविवार असे रकाने आखा. लिहू द्या मुलीलाच. आधी झोप भरायची, मग शाळा, सराव, प्रवास, जेवण आणि शेवटी क्लास. तेरा ते अठरा वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते. पाचला उठायचं तर नऊला अंथरुणात पडायला हवं, आणि बहुतेक घरांचं गणित इथेच अडतं. अडलं तर पहाटेचा सराव किंवा रात्रीचा क्लास यांपैकी एकाला हलावं लागेल. पहाटेचा सराव आठवड्यातून तीनच दिवस ठेवून बाकीचे दिवस संध्याकाळी घेता येतो. प्रशिक्षकांशी बोला, हे होतं.

सरावाचे तास मोजायला एक सोपा अंदाज आहे: जेवढं वय, आठवड्याला फार तर तेवढे तास. पंधरा वर्षांच्या मुलीला पंधरा. आणि एक दिवस पूर्ण सुट्टी, त्या दिवशी मैदानही नाही आणि जादा तासही नाही.

जूनमध्येच तारखा जुळवा

घटक चाचण्या, सहामाही, प्रात्यक्षिकं, पूर्वपरीक्षा हे एका रंगात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य या स्पर्धा दुसऱ्या रंगात. तारखा पक्क्या नसल्या तरी महिना ठाऊक असतो. संघ जितका जिंकत जातो तितकी शाळा बुडते, हे आधीच धरून चाला.

मग वर्गशिक्षकांना लेखी पत्र द्या. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका वर्षी विभागीय स्पर्धेचं मी तोंडीच सांगून ठेवलं होतं. मुलगी परत आली तेव्हा चाचणीत तिच्या नावापुढे गैरहजर लागलं होतं. ती रडली नाही, नुसती गप्प झाली, आणि पुढचा आठवडाभर सरावाला आली नाही. तेव्हापासून अर्ज, तारखा आणि फेरचाचणीची विनंती मी एकाच कागदावर देतो आणि पोच घेतो.

कुस्तीगीर खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून पैसे उभे केले होते. आपण शाळेकडे फक्त एक फेरचाचणी मागतो आहोत. संकोच करू नका.

बुडालेला अभ्यास भरताना गणित आणि विज्ञान आधी घ्या, कारण तिथे एक धडा सुटला की पुढचा कळत नाही. भाषा आणि इतिहास एसटीत वाचता येतात. वर्गातली एक मैत्रीण ठरवून ठेवा, जी रोज वहीचे फोटो पाठवेल.

कागदपत्रांची एक फाईल

प्रत्येक प्रमाणपत्र मिळाल्या दिवशीच फाईलमध्ये. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी ताडून पाहा, प्रस्ताव अडतात ते यातच. दहावी-बारावीला ठरलेल्या पातळीवर खेळलेल्यांना जे सवलतीचे गुण मिळतात, ज्यांना सगळे ग्रेस मार्क म्हणतात, त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे जातो. मुदत शाळेत विचारा, आणि दोनदा विचारा. सीबीएसईच्या मुलांची राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धा बोर्डाच्या पेपरशी आदळली तर तो पेपर नंतर देण्याची सोय आहे, त्यासाठीही अर्ज शाळेनेच करायचा असतो. पुढे राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तेव्हाही हीच फाईल लागते.

डबा आणि दुखणं

सराव संपल्यावर शाळेची घंटा होईपर्यंत मुलीच्या पोटात काही जायला हवं. शेंगदाणा-गुळाचा लाडू, दोन उकडलेली अंडी, केळं, पोळीचा रोल, जे घरात असेल ते. कुस्तीच्या मुलांचं वजन बसवायला पाणी तोडू देऊ नका. हे मी हात जोडून सांगतो. मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर 'खेळामुळे होतं' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. लंगडत धावणाऱ्या मुलीला त्याच दिवशी थांबवा, पण संघातून काढू नका. सामन्याचं गुणपत्रक लिहायला मैदानाशेजारी बसवा. दुखापतीपेक्षा एकटं पडणं मुलांना जास्त खातं.

घरी आल्यावरचा पहिला प्रश्न

'जिंकलीस का?' हा नको. 'भूक लागली का?' विचारा, निकाल ती आपणहून सांगेल. सलग दोन आठवडे चिडचिड, झोप न लागणं, मैदान टाळणं, आवडत्या मैत्रिणींशीही न बोलणं दिसलं तर आळस म्हणू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. पालकांनीही फोन केला तरी चालतो.

पेपर चालू असताना आणि नंतर

परीक्षेच्या महिन्यात खेळ पूर्ण बंद करू नका. रोज अर्धा तास हलकं धावणं आणि ताण द्यायचे व्यायाम पुरतात, त्याने झोपही लागते. शेवटचा पेपर झाल्यावर मुली त्याच संध्याकाळी खांबावर सूर मारायला येतात. पहिला आठवडा फक्त धावणं आणि बसून-उठून खो देणं. सूर दुसऱ्या आठवड्यापासून.