नोकरी सोडून चित्रकार व्हायचंय? राजीनामा सगळ्यात शेवटी

चित्रकार प्रभाकर बरवे यांनी सरकारच्या विणकर सेवा केंद्रात सुमारे वीस वर्षं नोकरी केली आणि त्याच काळात स्वतःची चित्रभाषा घडवली. त्यामुळे ‘नोकरी सुटली की चित्रं सुरू करीन’ हे मला पटत नाही. चित्रं आजच सुरू करा.

पायरी 1. रोज पहाटेचे दोन तास घ्या, नाहीतर शनिवार-रविवार, पण वर्षभर मोडू नका. या वर्षात एकाच विषयाचा पाठपुरावा करणारी वीसेक चित्रं पूर्ण करा. एक निसर्गचित्र, एक व्यक्तिचित्र, मग एखादं अमूर्त, असं केलंत तर बघणाऱ्याला त्यामागचा माणूस सापडत नाही. वर्षअखेरीला चारच झाली असतील, तर वेळ कमी पडला की ओढ, हे स्वतःला खरं सांगा. पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं.

पायरी 2. चित्रं घराबाहेर काढा. बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 पासूनची, तिच्या वार्षिक प्रदर्शनाला प्रवेशिका पाठवा. राज्य कला प्रदर्शनालाही पाठवा. नाकारलं गेलं तर पुढच्या वर्षी पुन्हा. मुंबईत काळाघोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळायला काही वर्षं लागू शकतात, म्हणून तिथला अर्ज पगार चालू असतानाच करा.

पायरी 3. पैसे. चित्रांतून एक रुपयाही येणार नाही असं धरून दीड-दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवा. रंग, कॅनव्हास, फ्रेमिंग, गॅलरीचं भाडं आणि टेम्पो यांचा हिशेब वेगळा. फ्रेमिंगचा आकडा नवख्याला हमखास चकवतो. खाजगी गॅलऱ्या विक्रीतले 33 ते 50 टक्के कमिशन घेतात, तेव्हा किंमत ठरवताना ते धरा. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी आधीच घ्या, कारण जुन्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. गृहकर्ज हवं असेल तर तेही पगाराची स्लिप हातात असताना. पीएफ मोडू नका. सेवेची 10 वर्षं भरत आली असतील तर तेवढी भरून घ्या, म्हणजे ईपीएस (पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शनचा हक्क राहतो.

पायरी 4. हे आकडे कागदावर मांडून घरच्यांशी बोला. आई-वडिलांची भीती बहुतेक वेळा पैशाचीच असते, आणि ती रास्त आहे.

पायरी 5. आता राजीनामा द्या. नोटीस पिरियड पूर्ण करा, सगळ्यांशी गोडीनं निरोप घ्या. पहिली चित्रं बऱ्याचदा जुने सहकारीच विकत घेतात.