नोकरी गेल्यावर चाइल्ड सपोर्टच्या आदेशात बदल: कॅलिफोर्नियातील पालकांसाठी तयारीची यादी

कॅलिफोर्नियात नोकरी गेली म्हणून चाइल्ड सपोर्टची, म्हणजे मुलांच्या पालनपोषणासाठी एका पालकाने दुसऱ्याला द्यायची, रक्कम आपोआप कमी होत नाही. न्यायालय आदेश बदलेपर्यंत जुनी रक्कम दरमहा देय राहते. तेथील फॅमिली कोडच्या कलम ३६५३ नुसार, बेकारीमुळे आदेश बदलला गेल्यास तो नोकरी गेल्याची तारीख आणि दुसऱ्या पालकावर अर्जाची बजावणी झाल्याची (म्हणजे अर्जाची प्रत रीतसर पोहोचवल्याची) तारीख यांपैकी जी नंतरची असेल तिच्यापासून लागू होतो. त्याहून वेगळे करायचे तर न्यायाधीशांना सबळ कारण नोंदवावे लागते. समजा, नोकरी ३ मार्चला गेली, बजावणी २८ एप्रिलला झाली आणि सुनावणी जुलैत झाली, तर नवी रक्कम २८ एप्रिलपासून धरली जाईल. मधल्या आठ आठवड्यांचे देणे जुन्याच दराने राहील आणि ते मागाहून कमी करण्यास १९८६ च्या संघीय कायद्याने मनाई केलेली आहे. थकलेल्या रकमेवर वर्षाला १० टक्के व्याज चढते. ‘आधी दुसरी नोकरी मिळते का पाहू’ म्हणून दवडलेले आठवडे म्हणूनच सर्वांत महाग पडतात.

त्यामुळे पहिल्याच आठवड्यात नोकरी संपल्याचे पत्र, मागील दोन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, सेव्हरन्सचा (नोकरी संपताना मिळणाऱ्या भरपाईचा) करार, बेकारी भत्त्याचे पत्र आणि शेवटचे कर विवरणपत्र एकत्र करावे. पत्रात नोकरी संपल्याचे कारण स्पष्ट असावे, कारण स्वतःहून राजीनामा दिल्याचे दिसल्यास न्यायालय प्रत्यक्ष उत्पन्नाऐवजी कमावण्याची क्षमता धरून हिशेब करू शकते. कोठे अर्ज केले, कोणाकडून काय उत्तर आले, याची तारीखवार नोंदही त्याच दिवसापासून ठेवावी.

एफएल-३०० हा विनंती अर्ज आणि एफएल-१५० हे उत्पन्न व खर्चाचे निवेदन भरून न्यायालयात दाखल करावे; शुल्क परवडत नसल्यास माफीसाठी एफडब्ल्यू-००१ जोडावा. बजावणी स्वतः करता येत नाही, ती प्रकरणाशी संबंध नसलेल्या प्रौढ व्यक्तीकडून करवून घ्यावी लागते. अंतिम आदेशानंतरचा अर्ज टपालाने पाठवता येतो, मात्र तेव्हा पत्ता पडताळल्याचे एफएल-३३४ आणि बजावणीचा पुरावा म्हणून एफएल-३३५ दाखल करण्यास विसरू नये. काउंटीची (जिल्ह्याची) चाइल्ड सपोर्ट एजन्सी प्रकरणात असेल, तर तिलाही प्रत द्यावी. सुनावणीपूर्वी न्यायालयीन कामकाजाचे किमान १६ दिवस आधी बजावणी व्हावी लागते आणि टपालासाठी राज्यांतर्गत आणखी ५ दिवस धरावे लागतात, परंतु या किमान मुदतीवर विसंबून न राहता अर्ज दाखल होताच बजावणी उरकावी.

दोघा पालकांत तोंडी समझोता झाला असला तरी त्यावर विसंबू नये. तो लेखी करून न्यायाधीशांची सही घेतली तरच तो आदेश ठरतो. निकाल येईपर्यंत जमेल तेवढी रक्कम नियमित भरावी आणि पावत्या जपाव्यात, कारण दुसऱ्या घरी मुलांचा खर्च थांबलेला नसतो. बेकारी भत्त्यातून २५ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते, तिचाही हिशेब ठेवावा.

एच-१बी या नोकरीसाठीच्या व्हिसावर असलेल्या मराठी पालकांना नोकरी संपल्यावर अमेरिकेत राहण्यासाठी सहसा जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. भारतात परतल्याने आदेश संपत नाही, म्हणून विमानाचे तिकीट काढण्याआधी अर्ज दाखल करून त्याची बजावणी झाली आहे याची खात्री करावी.