कास्टिंगसाठी नवं गिऱ्हाईक: जीएसटी, कंपनी नोंदी आणि आयातीच्या डेटातून कसं शोधावं

कोल्हापूर परिसरातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत किंवा उद्यमनगर, इथल्या बऱ्याच फाउंड्रींचं (धातू वितळवून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बनवणाऱ्या कारखान्यांचं) टनेज दोन-तीन गिऱ्हाइकांवरच चालतं. त्यातल्या एकानं शेड्यूल कापलं की भट्टीचा डिमांड चार्ज (विजेचा स्थिर आकार) तसाच राहतो आणि ओतायला काम नसतं. ओळखीतून कामं मिळतात, पण ती ओळखीच्याच कंपन्यांकडून. पुण्यात किंवा हैदराबादेत कोणाला आत्ता नवा कास्टिंग वेंडर हवा आहे, हे कळायला सरकारी आणि खासगी डेटा पुष्कळ उपलब्ध आहे, त्यातला बराचसा फुकट. तो वापरायची पद्धत इथं देत आहोत. महिन्याला 25-30 टन रिकामी क्षमता असलेली ग्रे आणि एसजी (डक्टाइल) आयर्न, या बिडाच्या दोन प्रकारांची फाउंड्री डोळ्यासमोर ठेवली आहे. मशीन शॉपलाही हाच रस्ता चालतो.

सुरुवात आपल्या डिस्पॅच रजिस्टरपासून

मागच्या बारा महिन्यांचं डिस्पॅच एक्सेलमध्ये काढा. प्रत्येक पार्टपुढं एका नगाचं वजन, ग्रेड (आयएस 210 मधला एफजी 260, आयएस 1865 मधला एसजी 500/7 वगैरे), मोल्डिंग बॉक्सचा (साचा भरायच्या पेटीचा) साइज, रिजेक्शन आणि किलोमागं उरलेले पैसे लिहा. रिजेक्शन मोजताना गिऱ्हाइकाकडं मशिनिंगमध्ये उघडे पडून परत आलेले नगही धरा. फक्त फेटलिंगवर (कास्टिंग साफ करताना) बाजूला काढलेले मोजले, तर ब्लोहोलचा (आत अडकलेल्या वायूच्या पोकळीचा) त्रास असलेला पार्टसुद्धा फायद्याचा दिसतो.

यातून चार-पाच पार्ट वर येतील, ज्यात पैसाही उरतो आणि माल परतही येत नाही. तेच तुमचं वर्णन: ‘8 ते 40 किलो, ग्रे आयर्न, कोअर असलेली केसिंग आणि हाउसिंग, 600 बाय 600 मिमीच्या बॉक्समध्ये बसणारी.’ (कोअर म्हणजे आतली पोकळी घडवणारा गाभा.) ‘सगळं बनवतो’ हे वाक्य फोनवर चालून जातं, डेटा शोधताना मात्र त्याचा उपयोग शून्य, कारण फिल्टरमध्ये टाकायला काहीच उरत नाही.

आपला कोड शोधू नका, गिऱ्हाइकाचा शोधा

बहुतेकांची चूक इथंच होते. कच्च्या कास्टिंगचा एचएसएन (जीएसटी आणि कस्टम्समधला मालाचा कोड) 7325, म्हणून कंपन्यांचा डेटा देणाऱ्या प्लॅटफॉर्मवर 7325 टाकतात. समोर येते ती राजकोट, कोइम्बतूर, बेळगाव, हावडा इथल्या फाउंड्रींची यादी. म्हणजे सगळे आपलेच स्पर्धक. मशिनिंग केलेल्या पार्टचे कोडही शोधून ठेवावेत: पंपाचे भाग 841391, व्हॉल्व्हचे भाग 848190, बेअरिंग हाउसिंग 848330, फ्लायव्हील आणि पुली 848350, वाहनांच्या ब्रेकचे भाग 870830, इंजिनाचे भाग 8409. पण गिऱ्हाईक जे विकतं तो कोड यापेक्षा वेगळा असतो, आणि शोध त्याच्यावर लावायचा असतो. सेंट्रिफ्यूगल पंप 841370, व्हॉल्व्ह 848180, गिअरबॉक्स 848340, इलेक्ट्रिक मोटर 8501, ट्रॅक्टर 8701, मशागतीची अवजारं 8432, कापणी-मळणीची यंत्रं 8433. आपल्या चार-पाच पार्टपुढं, तो पार्ट ज्या यंत्रात बसतो त्या यंत्राचा कोड लिहा. पुढचं सगळं काम या दुसऱ्या रकान्यावर चालतं.

कंपनी नोंदींमध्ये एचएसएनऐवजी एनआयसी (उद्योगांच्या सरकारी वर्गवारीचा) कोड असतो. एनआयसी 2008 नुसार पंप, कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह 2813; बेअरिंग आणि गिअर 2814; शेती यंत्रं 2821; वाहनांचे सुटे भाग 2930. कंपनीच्या 21 अक्षरी सीआयएनमध्ये (नोंदणी क्रमांकात) पहिल्या अक्षरानंतरचे पाच अंक हा उद्योगाचा कोड. जुन्या कंपन्यांच्या सीआयएनमध्ये आधीच्या वर्गवारीचे आकडे राहिले आहेत. एनआयसी 2004 मध्ये पंप-व्हॉल्व्ह 2912 खाली होते, म्हणून दोन्ही आकडे टाकून शोधा, नाहीतर नेमक्या जुन्या, भरवशाच्या कंपन्या हातातून सुटतात.

यादी कुठून काढायची

केंद्राच्या ओपन डेटा पोर्टलवर राज्यवार कंपनी मास्टर डेटा मिळतो. महाराष्ट्र, तेलंगणा आणि (होसूरसाठी) तामिळनाडूची फाइल घ्या, वरच्या कोडनं गाळा. एक अडचण कायम येते: पत्ता नोंदणीकृत ऑफिसचा असतो. ऑफिस मुंबईला आणि प्लांट चाकणला, असं सर्रास असतं. प्लांटचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवरून किंवा जीएसटीच्या नोंदीतून पक्का करावा लागतो.

इंडियामार्ट, ट्रेडइंडियाच्या विकत मिळणाऱ्या चौकशा कास्टिंगसाठी फारशा कामाच्या ठरत नाहीत. एकच चौकशी अनेक विक्रेत्यांकडं जाते, आणि विचारणारा बऱ्याचदा मधला व्यापारी किंवा दहा-वीस नगांपुरता असतो. पॅटर्नचा (साचा ज्यावरून घेतात त्या नमुन्याचा) खर्चही त्यातून निघत नाही. हीच साइट उलटी वापरा. पंप विकणारे, गिअरबॉक्स विकणारे तिथं स्वतःहून यादीत आहेत. फोटोत कास्ट आयर्नची बॉडी दिसते, मॉडेलची रेंज दिसते, अनेकांच्या पानावर जीएसटी क्रमांकही असतो.

जीएसटी पोर्टलवर कोड टाकून कंपन्यांची यादी मिळत नाही, पण नाव सापडल्यावर तपासणीसाठी त्यासारखं साधन नाही. 15 अक्षरांपैकी पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र 27), पुढची दहा अक्षरं पॅन. पॅनचं चौथं अक्षर सी असेल तर कंपनी, एफ म्हणजे भागीदारी संस्था, पी म्हणजे एकट्या मालकाचा धंदा. ‘पी’ असेल तर निर्णय मालकच घेणार, थेट त्यालाच गाठायचं. व्यवसायाच्या स्वरूपात ‘फॅक्टरी’ किंवा ‘मॅन्युफॅक्चरिंग’ आहे का पाहा. नुसतं ‘ट्रेडर’ असेल तर कास्टिंग त्याला लागत नाही. तिथं दिसणारा एचएसएन बहुधा नोंदणीच्या वेळी भरलेला असतो, तो शिळा असू शकतो. सगळ्यात महत्त्वाचा रिटर्न भरल्याच्या तारखांचा तक्ता. महिन्यामागून महिना रिटर्न उशिरा भरणारी कंपनी आपलं बिलही तशीच देईल, असं धरून चालावं. शिवाय तिनं जीएसटीआर-1 (विक्रीचा रिटर्न) उशिरा भरला तर तिच्याकडून घेतलेल्या मालाचं आपलं टॅक्स क्रेडिटही अडकतं. जॉबवर्क देण्या-घेण्याचे संबंध असतील तर हे आधीच पाहा.

भूगोलही लक्षात घ्या. राजकोट आणि कोइम्बतूरच्या पंपवाल्यांच्या दारातच फाउंड्री आहेत. तिथं साध्या ग्रे आयर्नच्या भावात आपला टिकाव लागणं कठीण. अवघड कोअर किंवा एसजीचा वरचा ग्रेड असेल तरच जावं. रात्री कोल्हापुरात भरलेली गाडी सकाळी चाकण-भोसरीत उतरते, हा आपला खरा फायदा. म्हणून पहिली यादी पुणे पट्ट्याची, दुसरी हैदराबाद आणि होसूरची.

आत्ता गरज कोणाला आहे

यादीत दोनशे नावं झाली तरी त्यातली बहुतेक त्यांच्या जुन्या वेंडरवर समाधानी असतात. हालचाल कुठं आहे ते ओळखायला चार जागा आहेत.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीच्या चार्जची यादी दिसते: कोणत्या बँकेनं, कधी, किती रकमेचा बोजा नोंदवला. गेल्या सहा-आठ महिन्यांत यंत्रसामग्रीवर नवा चार्ज म्हणजे क्षमता वाढते आहे. पाठोपाठ तीन-चार लहान चार्ज, तेही बँकेतर वित्तसंस्थांचे, तर मात्र सावध. तिथं रोकड आटलेली असू शकते.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची ‘स्थापनेची संमती’ मिळाली म्हणजे प्लांट अजून उभा राहतो आहे. त्याच वेळी त्यांची वेंडर यादी बनत असते. ‘चालवण्याची संमती’ मिळेपर्यंत थांबलात तर ती यादी भरलेली असते.

नोकरीच्या जाहिराती फार कमी लोक या नजरेनं वाचतात, आणि आमच्या मते हा सगळ्यात ताजा संकेत आहे. नोकरी डॉट कॉम किंवा लिंक्डइनवर ‘कास्टिंग डेव्हलपमेंट’, ‘सोर्सिंग इंजिनिअर, कास्टिंग अँड फोर्जिंग’, ‘सप्लायर क्वालिटी, फाउंड्री’ असे शब्द टाकून दर सोमवारी शोधा. जी कंपनी असा माणूस घेते आहे, तिथं नवे पार्ट आणि नवे वेंडर दोन्ही सुरू आहेत.

चौथी जागा निविदांचे निकाल. केंद्राच्या सार्वजनिक खरेदी पोर्टलवर आणि जेमवर (सरकारी ई-मार्केटप्लेसवर) पंप, व्हॉल्व्हच्या निविदा कोणी जिंकल्या ते कळतं. जिंकणाऱ्याला ठरलेल्या मुदतीत माल द्यायचा असतो आणि त्याचा नेहमीचा फाउंड्रीवाला भरलेला असू शकतो. निकालाच्या आठवड्यातच फोन करा. रेल्वेच्या निविदांत स्वतः उतरायचं तर आरडीएसओची (रेल्वेच्या संशोधन आणि मानक संस्थेची) मंजुरी अनेक वस्तूंना लागते. ती नसताना रोज निविदा वाचण्यात वेळ जातो.

निर्यात: काय दिसतं, काय दिसत नाही

अमेरिकेत समुद्रमार्गे येणाऱ्या मालाची बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढवल्याचे कागद) सार्वजनिक असतात. इम्पोर्टयेती ती फुकट दाखवतं, पांजीवा आणि व्होल्झा पैसे घेऊन जास्त खोलात. तिथं एचएस कोडपेक्षा मालाचं वर्णन शोधा: ‘ग्रे आयर्न कास्टिंग्ज’, ‘डक्टाइल आयर्न कास्टिंग्ज’, ‘पंप केसिंग’, ‘काउंटरवेट’. ज्या आयातदाराकडं बारा महिने नियमित माल येतो आणि पुरवठादार एक-दोनच आहेत, तो दुसरा पर्याय ऐकून घेण्याची शक्यता जास्त. आयातदाराच्या जागी एकच नाव कपडे, टाइल्स, कास्टिंग सगळ्यावर दिसलं तर तो फ्रेट फॉरवर्डर, म्हणजे मालवाहतुकीचा मध्यस्थ. खरा घेणारा ‘नोटिफाय पार्टी’त (माल पोचल्याचं ज्याला कळवायचं त्या रकान्यात) सापडतो का पाहा. विमानानं गेलेला माल या नोंदींत येत नाही, आणि काही कंपन्या नाव गुप्त ठेवून घेतात.

युरोपीय महासंघाच्या आयातदारांची नावं अशी उघड मिळत नाहीत. जर्मनी-इटलीच्या ‘कस्टम्स डेटा’ची फाइल कोणी विकत असेल तर ती कशावरून बनवली ते आधी विचारा. तिथल्यासाठी ट्रेड मॅप या आयात-निर्यात आकडेवारीच्या साइटवरून देशाची मागणी पाहावी आणि कंपन्या पंप-व्हॉल्व्हच्या प्रदर्शनांच्या प्रदर्शक यादीतून काढाव्यात. पाइप फिटिंग, म्हणजे 7307, करत असाल तर सीबॅम या युरोपीय महासंघाच्या कार्बन नियमाचा कागद बहुधा मागितला जाईल. दर टनामागं लागणारी वीज आणि पिग आयर्न-स्क्रॅपचं प्रमाण आत्तापासून लिहून ठेवा.

भारतीय कस्टम्सच्या नोंदींबाबत एक इशारा. 2022 च्या वित्त कायद्यानं कस्टम्स कायद्यात कलम 135एए आलं. आयातदार-निर्यातदारानं दाखवलेलं मूल्य, वर्गीकरण, परिमाण बेकायदा प्रसिद्ध करणं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेजारच्या फाउंड्रीची शिपिंग बिलं कोणी पेन ड्राइव्हवर देऊ केली तर घेऊ नका आणि पुढं पाठवूही नका.

पैसे देऊन प्लॅटफॉर्म घेण्याआधी

डेमोच्या वेळी तुमच्या सध्याच्या दहा गिऱ्हाइकांची नावं द्या आणि विक्रेत्यासमोरच शोधायला लावा. किती सापडली, प्लांटचा पत्ता बरोबर आहे का, परचेसचा फोन लागतो का, उत्पादनाचा कोड खरा आहे का? दहापैकी सहाही धड निघाली नाहीत तर वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊ नका. मोठ्या शहरांतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचा डेटा भरपूर आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांचा विरळ, हा बहुतेक प्लॅटफॉर्मचा स्वभाव आहे.

शीट आणि पहिला फोन

एकाच कंपनीचे चार राज्यांत चार जीएसटी क्रमांक असतात आणि नावाचं स्पेलिंगही तीन प्रकारांनी येतं. म्हणून डुप्लिकेट नावावरून काढू नका. एक्सेलच्या मिड फंक्शननं तिसऱ्या अक्षरापासून दहा अक्षरं, म्हणजे पॅन, वेगळ्या रकान्यात घ्या आणि त्यावर गाळा.

मग दहापैकी गुण द्या: यंत्र आपल्या पार्टशी जुळतं 3, सहा महिन्यांतला संकेत 3, एका रात्रीचा प्रवास 2, जीएसटी रिटर्न वेळेवर 2. सात आणि वरच्यांनाच फोन. दोनशेतून साधारण तीस-चाळीस उरले तर गाळणी नीट लागली असं समजा.

मोठ्या कंपनीत परचेसवाला चालू वेंडरच्या ऑर्डरी सांभाळतो. नवा वेंडर घेणारा माणूस ‘सोर्सिंग’ किंवा ‘वेंडर डेव्हलपमेंट’मध्ये बसतो. त्याच्याकडं पहिल्याच फोनवर ऑर्डर मागू नका, एक ड्रॉइंग मागा:

‘नमस्कार साहेब, कोल्हापूरहून बोलतोय, शिरोलीत आमची फाउंड्री आहे. तुमच्या मोनोब्लॉक पंपाची केसिंग पाहिली. तसंच 8 ते 40 किलोचं एफजी 260 मधलं काम आम्ही रोज करतो, महिन्याला 25 टन जागा आहे. ज्या एखाद्या पार्टला सध्या रिजेक्शनचा किंवा डिलिव्हरीचा त्रास आहे, त्याचं ड्रॉइंग पाठवता का? दोन दिवसांत भाव आणि पॅटर्नचा खर्च देतो.’

त्याच दिवशी एक पानाची मेल: बॉक्स साइज, भट्टीची क्षमता, ग्रेड, स्पेक्ट्रोमीटर आहे का, मशिनिंग घरात की बाहेर, गुणवत्तेचं प्रमाणपत्र आयएटीएफ 16949 (वाहन उद्योगाचं) आहे की आयएसओ 9001. मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून, एकेकाला. शंभर जणांना एकदम पाठवली की स्पॅममध्ये जाते आणि मग खरी कोटेशनंही तिथंच जातात. कोणाचा वैयक्तिक मोबाइल मिळाला म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये ओढू नका.

भाव देताना पॅटर्नचा खर्च वेगळा लिहा आणि किलोचा दर पिग आयर्न-स्क्रॅपच्या कोणत्या महिन्याच्या भावावर धरला ते नमूद करा. ते लिहिलं नाही तर सहा महिन्यांनी सॅम्पल मंजूर होईतो दर जुना झालेला असतो आणि वाढवून मागायला आधार राहत नाही. वाहन उद्योगात पॅटर्न, सॅम्पल, पीपीएपी (पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं) धरून पहिल्या फोनपासून नियमित शेड्यूलपर्यंत आठ-दहा महिने जातात. पंप आणि शेती यंत्रांत त्याहून कमी.

उद्यम (एमएसएमई नोंदणीचा) क्रमांक कोटेशनवर आणि बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज लागतं, आणि मुदत टळून वर्षाअखेरही पैसे थकलेले असतील तर आयकर कायद्यामुळं (1961 च्या कायद्यात कलम 43बी(एच)) घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. 1 एप्रिल 2025 पासून उलाढालीची मर्यादा सूक्ष्मला 10 कोटी, लघुला 100 कोटी आहे. गुंतवणुकीची मर्यादाही, 2.5 कोटी आणि 25 कोटी, सोबत पाहावी लागते.

शीटमध्ये शेवटचा एक रकाना ठेवा: ‘ड्रॉइंग कुठून आलं’. किती फोन केले ते मोजून काही कळत नाही. जाहिरातीतून किती ड्रॉइंग आली, चार्जवरून किती, इंडियामार्टवरून किती, हे दर तिमाहीला पाहा. सलग दोन तिमाह्या ज्या स्रोतापुढं शून्य आहे, त्याचं सबस्क्रिप्शन नूतनीकरणाच्या तारखेआधी बंद करा. अनेक प्लॅटफॉर्मवर ऑटो-रिन्यूअल चालू असतं.