हळदीचा फोटो आणि सात जणांचे सात रंग

आमचा फोटो एडिटिंग शिकण्याचा ग्रुप आहे: दर आठवड्याला कुणीतरी एक फोटो देतं, सगळे तोच आपापल्या परीनं सुधारतात आणि शनिवारी एकमेकांचे बघतात. याला आम्ही चॅलेंज म्हणतो. त्यात मी हात घातलेली पहिली फाइल हळदीची होती. मांडवावर पिवळं-केशरी कापड, त्यातून झिरपणारं अकराचं ऊन, पाटावर बसलेली नवरी, तिच्या गालाला-कपाळाला ओली हळद आणि मागे मांडवाच्या कडेला खांबाला टेकून उभे असलेले गांधीटोपीवाले आजोबा. फोटो उघडला तर सगळं पिवळंच. त्वचा कुठली, हळद कुठली, साडी कुठली, काहीच सुटं दिसेना. फाइल टाकणाऱ्या नागपूरच्या ताईनं खाली एवढंच लिहिलं होतं, "चेहरा सोडवा, पण हळद पुसू नका."

मी तेव्हा कराडला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. एडिटिंगचे व्हिडिओ बघून वर्ष झालं होतं. व्हिडिओत शिकवणारा जो फोटो घेतो, तो त्या युक्तीला साजेसाच निवडलेला असतो, त्यामुळे बघताना सगळं येतंय असं वाटतं. इथे फोटो दुसऱ्यानं दिलेला, अडचण खरी, आणि कुठलं हत्यार उचलायचं हे सांगायला कुणी नाही.

मला एक गोष्ट पाठ होती: फोटोत पांढरं काय आहे ते शोधायचं, व्हाइट बॅलन्सचं (म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग सुधारण्याचं) पिपेट, रंग टिपणारं चिन्ह, त्यावर टेकवायचं, रंग जागेवर येतात. मी आजोबांच्या टोपीवर टेकवलं. काहीच बदललं नाही. मग टेम्परेचरचा, म्हणजे फोटो पिवळा-निळा करणारा, स्लायडर निळ्याकडे सरकवत गेले, चेहरा बरा दिसेपर्यंत. चेहरा बरा झाला, पण मांडव राखाडी पडला, आजोबा निळे झाले आणि हळद ताकात कालवलेल्या बेसनासारखी फिकट झाली. तसाच फोटो पाठवला.

शनिवारी रात्री सात जणांचे सात फोटो एकदम उघडले. माझ्या फोटोखाली कोल्हापूरच्या काकांनी विचारलं, "पोरी, टोपीवर ऊन कुठलं पडलंय बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. आजोबा मांडवाच्या कडेला होते, त्यांच्या टोपीवर बाहेरचा मोकळा उजेड होता. नवरी कापडाखाली, तिच्यावर कापडातून गाळून आलेला पिवळा उजेड. टोपी खरोखरच पांढरी दिसत होती, म्हणून पिपेटनं काही केलं नाही. फोटोत दोन उजेड होते आणि मी एकाच स्लायडरनं दोघांना सरळ करायला निघाले होते.

ताईनं स्वतः केलेली रीत तिनं फोटोसोबत लिहिलेल्या तीन ओळींत होती. अख्ख्या फोटोचं टेम्परेचर तिनं जेमतेम खाली आणलं, कारण हळदीच्या मांडवात पिवळेपणा हवाच. मग चेहरा, मान आणि हातांवर मास्क टाकून, म्हणजे बदल तेवढ्याच भागावर होईल असं निवडून, तेवढ्यापुरता पिवळा कमी केला. आणि शेवटी बारीक ब्रशनं जिथं जिथं हळद लागली होती तेवढी जागा मास्कमधून खोडून काढली. त्यामुळे त्वचा त्वचेसारखी झाली आणि हळद झळझळीत राहिली. त्वचा जमली की नाही हे ती डोळ्यांबरोबर लाल, हिरवा, निळा या रंगांच्या आकड्यांनीही तपासत होती. साध्या उजेडातल्या आपल्या त्वचेत लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, मग निळा असा उतरता क्रम मिळतो. कापडाखाली निळा जवळजवळ तळाला गेलेला असतो. तो त्वचेत वर आणायचा, हळदीत तसाच ठेवायचा. एवढंच सगळं काम.

त्या एका रात्रीत मला व्हाइट बॅलन्स कळला, आणि तो कळण्यासाठी माझा चुकलेला फोटो त्या सात फोटोंच्या मधोमध असणं गरजेचं होतं. एकच फाइल सगळ्यांकडे असते, त्यामुळे कॅमेरा चांगला, लोकेशन चांगलं, मॉडेल चांगली असल्या सबबी उरत नाहीत. जो फरक दिसतो तो निव्वळ हाताचा आणि नजरेचा.

तुम्हाला असा ग्रुप काढायचा असेल तर माणसं पाच ते आठ पुरेत. वीस झाली की कुणी कुणाचं नीट बघत नाही. आमच्याकडे एक कोल्हापूरचे काका, ज्यांनी उमेदीची वर्षं डार्करूममध्ये, फिल्मवरून फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीत, काढली, एक नागपूरची ताई, ठाण्याचा इंजिनिअरिंगचा मुलगा, एक मैत्रीण लंडनहून, असा मेळ आहे. सगळे एकाच पातळीचे नकोत, हे मी आग्रहानं सांगेन. फाइल सोमवारी येते, शनिवारी रात्री नऊला सगळे आपापला फोटो पाठवतात, त्याआधी कुणी कुणाला दाखवत नाही. आधी दिसलं की हात नकळत तिकडे वळतो.

फाइल रॉ असावी, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली मूळ, न दाबलेली माहिती. नेहमीच्या जेपेग फोटोमध्ये प्रत्येक रंगाला गडद ते फिकट अशा २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. हळदीच्या फोटोवर एकानं जेपेगवरच काम केलं होतं. निळा रंग आधीच चिरडला गेलेला, तो वर ओढताच नवरीच्या गालावर डागडाग उमटले. पायऱ्या म्हणजे काय हे समजवायला याहून चांगलं उदाहरण मला पुन्हा मिळालं नाही.

आणखी एक, वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि बारकावे जातात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. बाहेर काढताना लांब बाजू २०४८ पिक्सेल आणि कलर स्पेस (रंग नोंदवायची पद्धत) एसआरजीबी ही सगळीकडे चालणारी ठेवा, म्हणजे सगळ्यांच्या फोनवर रंग साधारण सारखे दिसतील. आणि फोटोसोबत तीन ओळी सक्तीच्या: काय खटकलं, काय केलं, कुठं अडलं. या तीन ओळी नसतील तर ते फक्त फोटो बघणं होतं, शिकणं होत नाही.

सॉफ्टवेअरसाठी थांबू नका. मी आजही घरी डार्कटेबल आणि गिम्प ही एडिटिंगची सॉफ्टवेअर वापरते, दोन्ही फुकट आहेत. नव्या मुलांचा गोंधळ होतो तो इथे: गिम्प रॉ फाइल स्वतःहून उघडत नाही, आधी डार्कटेबल किंवा रॉथेरपीमध्ये ती 'डेव्हलप' करून, म्हणजे साध्या फोटोत बदलून, मग गिम्पमध्ये न्यावी लागते. २०२५ मध्ये आलेल्या गिम्प ३.० पासून फिल्टर लावल्यावरही मागे जाऊन बदलता येतात, त्यामुळे नवशिक्यांचा मोठा त्रास वाचला. फोनच असेल तर स्नॅपसीड या अ‍ॅपमध्ये डीएनजी, हा रॉ फाइलचाच एक प्रकार, उघडतं. आमच्या ग्रुपमधला एक जण पहिलं वर्षभर फोनवरच करत होता आणि त्याची नजर माझ्यापेक्षा चांगली होती.

सुरुवातीला सगळ्यात चांगला फोटो कुठला यावर आम्ही मतदान घ्यायचो. दोन महिन्यांत बंद केलं. मतं नेहमी जास्त भडक, जास्त कॉन्ट्रास्टच्या फोटोला जात होती, कारण सात फोटो ओळीनं बघताना डोळा तिथेच ओढला जातो. मग सगळेच रंग चढवायला लागले. शिकण्याच्या जागी नंबर लावू नयेत, हे माझं ठाम मत आहे. त्याऐवजी आता प्रत्येकानं दुसऱ्याच्या एका फोटोतली एक जागा दाखवायची, बोट ठेवून. "छान" म्हणून चालत नाही. "डाव्या खांद्यामागे कडेला पांढरी रेघ आली आहे" असं सांगायचं.

मला सगळ्यात जास्त देऊन गेला तो 'फक्त कर्व्ह'चा आठवडा. महाबळेश्वरच्या धुक्यातला फोटो होता, लाल रेनकोट घातलेली एक मुलगी, मागे दरी. अट एकच: कर्व्ह, म्हणजे फोटोतला गडद-फिकटपणा वाकवून बदलायची रेघ, सोडून दुसरं काही वापरायचं नाही. मला पहिले दोन दिवस हात बांधल्यासारखं झालं. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद किती आणि फिकट किती याचा आलेख, बघितला तर सगळा ढीग मधोमध, काळं नाही, पांढरं नाही. धुक्याचा फोटो असाच असतो. मी कर्व्हला भलामोठा 'एस' दिला, सावल्या खाली, उजेड वर, आणि धुकं नाहीसं झालं. दरी स्पष्ट दिसायला लागली, पण तो आता महाबळेश्वरचा पावसाळा राहिला नव्हता.

काकांनी त्या रात्री व्हिडिओ कॉलवर हात हलवून दाखवलं. डार्करूममध्ये एनलार्जरच्या, म्हणजे फिल्मवरचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या, उजेडाखाली कागद असतो. जिथं फिकट ठेवायचं तिथं तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा धरून उजेड अडवायचा, त्याला डॉज म्हणायचं. जिथं गडद करायचं तिथं उजेड जास्त वेळ द्यायचा, ते बर्न. "पुठ्ठा एका जागी धरला तर कडा छापली जाते," ते म्हणाले, "सारखा हलवत राहायचा." त्यांचा हात अजूनही त्या लयीत हलत होता. तेव्हापासून मास्कची कडा मऊ का ठेवायची हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

धुक्याचं उत्तर असं निघालं: धुक्याच्या भागातला कर्व्ह जवळजवळ सरळ ठेवायचा आणि रेनकोट-चेहरा ज्या टोनमध्ये, म्हणजे गडद-फिकटपणाच्या ज्या पट्ट्यात, बसतात तेवढ्याच भागात उतार किंचित उभा करायचा. कर्व्ह जिथे उभा, तिथे कॉन्ट्रास्ट वाढतो; जिथे आडवा, तिथे कमी होतो. शिवाय निळ्या चॅनेलचा, म्हणजे फोटोतल्या फक्त निळ्या रंगाचा, कर्व्ह सावल्यांत थोडा वर उचलला की दरीत गारवा येतो, खाली ओढला की पिवळा चढतो. एका हत्यारात इतकं आहे हे बाकीची हत्यारं काढून घेतल्याशिवाय कळलं नसतं. महिन्यातून एकदा अशी बंधनाची पाळी ठेवाच.

नंतर ठाण्याच्या मुलानं त्याच्या आजीचा फोटो दिला. जुना कृष्णधवल, दोनदा दुमडलेला, बुरशीचे ठिपके, आणि एक घडी नेमकी उजव्या डोळ्यावरून गेलेली. ठिपके हीलिंग ब्रशनं, आजूबाजूच्या भागावरून डाग भरून काढणाऱ्या हत्यारानं, आम्ही सगळ्यांनीच साफ केले. डोळ्याचं काय करायचं? एकीनं डावा डोळा कॉपी करून, उलटवून उजवीकडे बसवला. काम इतकं सफाईदार की जोड सापडेना. पण तो मुलगा बराच वेळ फोटो बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, ही माझी आजी वाटत नाही."

काय बिघडलं ते आम्ही तासभर शोधत होतो. डोळ्यात खिडकीच्या उजेडाचा एक पांढरा ठिपका असतो. खरा उजेड एका बाजूनं आला असेल तर दोन्ही डोळ्यांत तो ठिपका एकाच बाजूला पडतो. उलटवलेल्या डोळ्यात तो दुसऱ्या बाजूला गेला होता, म्हणून नजर फाटल्यासारखी वाटत होती. शिवाय आजीची उजवी पापणी मुळातच थोडी उतरलेली होती, तीही गेली होती. आम्ही परत मूळ स्कॅनकडे गेलो, घडीच्या दोन्ही अंगांना उरलेला खरा डोळा जपला आणि मधली रेघ तेवढी भरली. थोडी खूण राहिली, ती राहू दिली.

रंग भरायची वेळ आली तेव्हा लुगडं कुणी लाल केलं, कुणी निळं. राखाडी छटेवरून मूळ रंग कळत नाही. लाल आणि हिरवा एकाच राखाडीत येऊ शकतात. शेवटी त्यानं त्याच्या आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, हिरवं होतं, काठ लाल. सगळ्यांनी आपापले रंगाचे लेयर, फोटोवर चढवलेले वेगळे थर, बदलले. जुन्या फोटोचं काम घेणार असाल तर घरच्या माणसाला विचारल्याशिवाय रंगाला हात लावू नका.

कामाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगते. चॅलेंजमध्ये एका फोटोला सहा दिवस मिळतात. लग्नाच्या अल्बमच्या कामात एका फोटोला एखाददोन मिनिटं. मी पहिलं काम मागितलं ते एका स्टुडिओत, तिथे चाचणी म्हणून हळदीचेच चाळीस फोटो दिले होते. एकेक फोटो मी छान केला, पण चाळीस फोटोंत नवरीचा रंग चाळीस तऱ्हेचा. मालकांनी ते लॅपटॉपवर ओळीनं लावून दाखवले आणि काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. घरी येऊन मी ग्रुपमध्ये तेच चॅलेंज मांडलं: दहा फोटो, एक रंग, दोन तास. तेव्हा कळलं की आधी एक फोटो पक्का करायचा, त्याच्या सेटिंग एकाच उजेडातल्या फोटोंवर टाकायच्या, आणि दर थोड्या फोटोंनी तो पहिला फोटो शेजारी उघडून ताडून बघायचा. पुढच्या महिन्यात मी पुन्हा चाचणी दिली आणि काम मिळालं.

रात्री काम करत असाल तर लॅपटॉपचा नाइट लाइट बंद आहे ना ते बघा. तो पडद्यावर पिवळसर छटा आणतो, ती भरून काढायला आपण फोटो निळा करत जातो आणि सकाळी सगळ्यांचे चेहरे गारठलेले दिसतात. माझे एका रात्रीत ऐंशी फोटो असे वाया गेले. ब्राइटनेसही एका ठिकाणी ठरवून ठेवा. आणि पाठवण्याआधी एकदा सकाळी, ताज्या डोळ्यांनी बघा.

फोटो दुसऱ्याचा असतो हे कधी विसरू नका. फाइल देणाऱ्यानं फोटोतल्या माणसाला विचारलेलं असावं, विशेषतः लग्नघरातले आणि लहान मुलांचे फोटो असतील तर. आमच्याकडे चॅलेंज संपलं की रॉ फाइल सगळे डिलीट करतात. आपल्या कामाच्या नमुन्यात असा फोटो ठेवायचा असेल तर छायाचित्र कुणाचं आणि एडिटिंग कुणाचं हे दोन्ही लिहा. काम देणारी माणसं हे बघतात.

बटण दाबताच आकाश बदलणारी, माणूस गायब करणारी साधनं आता सगळ्यांकडे आहेत. मी कामात ती वापरते. चॅलेंजमध्ये आम्ही ती बाजूला ठेवतो, कारण तिथे आम्हाला तयार फोटोपेक्षा तो तयार कसा होतो हे हवं असतं.

या सोमवारी फाइल द्यायची पाळी माझी आहे. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर काढलेला फोटो आहे: पायऱ्यांवर दिवा धरलेली एक बाई, मागे नदीवर उरलेला निळा उजेड, आणि वरून नगरपालिकेच्या खांबाचा पांढरा दिवा. तीन उजेड. तिची परवानगी घेतली आहे. खाली अटीची ओळ अजून लिहायची आहे.