इमारतीचं वीजबिल कमी करायचंय? यंत्र घेण्याआधी या चुका टाळा

बिल फुगलं की पहिला विचार येतो नवीन एसीचा, नाहीतर छतावर सोलर बसवायचा. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आधी गळती आणि ऊन अडवा, मग उरलेल्या गरजेपुरतं यंत्र घ्या. सोलर त्यानंतर.

गळती शोधायला उपकरण लागत नाही. वाऱ्याच्या दिवशी खिडक्या लावून घ्या आणि टिश्यू पेपरची पट्टी चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा. ती फडफडेल तिथे फट आहे. सीलंट नाहीतर रबरी पट्टी लावली की काम झालं. मात्र गॅसवर चालणारं काही घरात असेल, तर त्यासाठी ठेवलेली हवेची वाट चुकूनही बुजवू नका.

जाड पडदे लावूनही पश्चिमेची खोली तापते, ही तक्रार नेहमीची. ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता बरीचशी खोलीतच राहते. आडोसा काचेच्या बाहेर हवा: छज्जा, जाळी, नाहीतर झाड.

‘जरा मोठाच एसी घेऊ’ हाही मोह टाळा. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटपट गार करतो आणि लगेच थांबतो. हवेतला ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार, पण अंग चिकट. मग माणसं तापमान आणखी खाली नेतात आणि बिल पुन्हा वर जातं. गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणाऱ्या इन्व्हर्टर एसीत हा त्रास कमी होतो, पण तोही एका मर्यादेपर्यंतच हळू चालू शकतो.

ऑफिसांच्या इमारतींत दुखणं वेगळं असतं. सगळे घरी गेल्यावर रात्री १ वाजता मीटरचं रीडिंग घ्या, २ वाजता पुन्हा घ्या. फरक मोठा निघाला तर रिकाम्या मजल्यांवर काय चालू आहे ते एकेक करून शोधा. एसीच्या हवा फिरवणाऱ्या पंख्यांचं पॅनेल तर मी आधी उघडून बघायला सांगेन. वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवलेला असतो, पण कधीतरी दुरुस्तीच्या वेळी तो ‘मॅन्युअल’वर टाकलेला असतो आणि तसाच १०० टक्क्यांवर राहतो. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला, तर वीज साधारण ५१ टक्केच लागते. ते बटण ‘ऑटो’वर आणायला एक पैसा लागत नाही, फक्त ते का हलवलं होतं हे आधी विचारून घ्या.

सोलर बसवताना सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी छतावर स्वतः चढून सावली बघा. टाकीची सावली एकाच पॅनेलवर पडली, तरी ओळीत जोडलेल्या बाकी पॅनेलनाही फटका बसू शकतो.