वृषणाच्या पिशवीतला गॅस ओळखताना या चुका टाळा

रात्री दोनला फोन येतो. ‘सर, वृषणकोशाला सूज आहे, एपिडिडिमो-ऑर्कायटिस (वृषण आणि त्यामागच्या नळीचा दाह) वाटतोय, अँटिबायोटिक सुरू केलंय.’ मी विचारतो, ‘बोटांनी दाबून पाहिलंस?’ पलीकडे शांतता.

लुंगी न सोडता तपासणं ही माझी सगळ्यात नावडती चूक. पेशंट लाजतो, डॉक्टर त्याहून जास्त. जतकडचे साठीचे एक काका आले होते, साखर कधी मोजलेली नाही. ‘सायेब, बुडाजवळ गळू फुटलं हुतं, आता पिशवी सुजलीया.’ सोबत बाहेरचा सोनोग्राफी रिपोर्ट: हर्निया, आत आतड्यातला गॅस. आमच्या निवासी डॉक्टरने तो वाचून काकांना सकाळच्या ऑपरेशनच्या यादीत टाकलं. मी लुंगी सोडायला लावली, दोन बोटं टेकवली, तर भडंगाची पुडी दाबल्यासारखी कुरकुर, म्हणजे कातडीखाली गॅस. जांघेच्या वाटेत खोकल्यावर काहीच उतरेना. पाय वर घेऊन बघितलं तर गुदद्वाराजवळ रुपयाएवढा काळा डाग. फोर्निए गँगरीन: जननेंद्रिय आणि गुदद्वाराजवळची कातडी व तिच्याखालचा भाग झपाट्याने सडवणारा संसर्ग.

रिपोर्टमधला गॅस खराच होता, जागा चुकली होती. हर्नियातलं आतडं बहुधा हलताना दिसतं, पण त्यासाठी प्रोब मिनिटभर स्थिर धरावा लागतो. इथे गॅस कातडीच्या थरात होता: पांढरे ठिपके, मागे धुरकट सावली, आणि आतले वृषण ठीक. ते ऑपरेशनमध्येही शाबूतच निघाले. त्यांचं रक्त थेट पोटातल्या महाधमनीतून येतं, कातडीचं वेगळ्या वाटेने. दुसऱ्या दिवशी काकांना पुन्हा टेबलावर घेतलं, आणखी सडलेलं काढलं. वाचले, पण ड्रेसिंग दोन महिने चाललं.

कुरकुर नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. सुरुवातीला ती नसतेच कित्येकदा. दिसण्यापेक्षा दुखणं फार जास्त असेल तर मी पुढे जात नाही, याच आजाराचा संशय धरतो.

लरीनेक स्कोर (रक्ततपासण्यांवरून अशा सडवणाऱ्या संसर्गाचा अंदाज देणारा आकडा) सहाच्या खाली आला म्हणून घरी पाठवणारे मला भेटलेत. २००४ सालचा तो स्कोर संशय वाढवायला ठीक, आजार नाकारायला नाही. शॉर्टकट शोधणाऱ्यांना मात्र आकडा फार आवडतो.

गॅस दाखवण्यात सीटी सगळ्यात पक्का. पण बीपी ढासळत असेल तर सीटीच्या रांगेत पेशंट ठेवू नका.

‘साखर नाही, मग हे नसणार.’ पॅरिसच्या फोर्निएने १८८३ मध्ये वर्णन केलेले पाचही रुग्ण धडधाकट तरुण होते. आणि साखर असेल तर गोळ्यांची पाकिटं मागा. डापाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळीच्या गटाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये याच आजाराचा इशारा दिला आहे.

कातडी बरी आणि गॅस वृषणातच, हा वेगळा आजार. बहुधा साखरवाल्यांत, आणि वृषण काढावाही लागतो. पिशवी फुगलेली पण दुखत नाही, ताप नाही, तर छाती आणि पोट तपासा; हवा वरून उतरलेली असू शकते.

माझी एक सवय: लालीच्या कडेने पेनाने रेघ मारतो, शेजारी वेळ लिहितो. तासाभराने लाली रेघेपलीकडे गेलेली दिसली, की ऑपरेशनसाठी भूलतज्ज्ञांना फोन.