मे महिन्यातलं मातीकाम शिबिर: भांडी न तडकता वाळवायची कशी

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावात मातीकामाचं शिबिर घ्यायचं ठरलं की सगळी चर्चा चाकाभोवती फिरते. चाकं किती, विजेची की हाताची, शिकवणार कोण. पण विदर्भात भांडं बिघडतं ते चाकावरून उतरल्यानंतरच्या पहिल्या दीड-दोन दिवसांत. तेव्हा काही दिसतही नाही. तडा डोळ्याला दिसेपर्यंत करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि दुपारची हवा अक्षरशः कोरडीठाक असते. मातीकामावर जे लिहिलेलं सापडतं ते बहुतेक दमट किंवा थंड हवेच्या ठिकाणचं. तिथला ‘सावलीत वाळवा’ हा सल्ला इथे जशाच्या तसा पाळला तर निम्मी भांडी जातात. खालची पद्धत पंधरा-वीस जणांच्या, दहा-बारा दिवसांच्या आणि शेवटी उघड्या आव्यात (कुंभाराच्या भट्टीत) भाजायच्या शिबिरासाठी आहे.

तारखा

नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, साधारण २५ मेला लागतो, त्याआधी भाजणी उरका. काम सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ७. दुपारचं सत्र ठेवूच नका. माणसांनाही बाधतं आणि मातीलाही.

माती

तलावाची गाळमाती उत्तम. भंडारा-गोंदियाकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव मे महिन्यात आटतात, तेव्हा ती सहज काढता येते. वऱ्हाडात मात्र कपाशीच्या काळ्या मातीवर भागवण्याचा मोह टाळा. उन्हाळ्यात शेताला हातभर भेगा पडतात त्या ज्या कारणाने, त्याच कारणाने त्या मातीचं भांडंही फाटतं. ती ओलीने फार फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. वापरायचीच असेल तर गाळमातीत फार तर पाचवा हिस्सा.

माती हौदात भिजवून पातळ करा आणि मच्छरदाणीच्या जाळीतून गाळा. यात आळस नको, कारण आपल्याकडच्या मातीत चुनखडीचे खडे हमखास असतात. भाजताना त्या खड्याचा कळीचा चुना होतो, नंतर तो हवेतला ओलावा ओढून फुगतो आणि चांगल्या भाजलेल्या भांड्याची खपली आठवड्याने उडते. शंका असेल तर त्या मातीची एक टिकली चुलीत लालबुंद भाजा, पाण्यात बुडवून काढा आणि तीन-चार दिवस ओल्या जागी ठेवा. पांढरे ठिपके वर आले तर माती आणखी बारीक गाळा, नाहीतर बदला.

गाळलेल्या दहा टोपल्यांना दोन टोपल्या बारीक चाळलेली रेती किंवा जुन्या मडक्यांची पूड घाला. आता आकसण्याची चाचणी. सगळे जण जेवढ्या जाडीची भांडी करणार आहेत तेवढ्याच जाडीच्या चार-पाच पट्ट्या थापा आणि प्रत्येकीवर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. पूर्ण वाळल्यावर रेघ ९.३ भरली तर माती ७ टक्के आकसते, ते चालतं. ९.२ पेक्षा कमी भरली तर रेती वाढवा. यातल्या दोन पट्ट्या शिबिर सुरू होईल त्या दिवशी ताज्या करा, त्या पुढे लागणार आहेत.

गट

तीन गट करा: कधीच माती न हाताळलेले, चाकावर वाटी-पेला उतरवता येणारे, आणि घरचा धंदा असलेले कुंभार. तिसऱ्या गटाला ‘शिकायला’ बसवू नका. त्यांना मोठ्या माठाचं, सुरईचं किंवा नक्षीचं काम द्या आणि थापी-गुंड्याचं काम (आतून गुंडा धरून बाहेरून थापीने ठोकणं) इतरांना बघू द्या. ग्लेझ, म्हणजे काचेसारखी झिलई, या शिबिरात कुणालाच कबूल करू नका. उघड्या आव्याची आच त्याला पुरत नाही, आणि कमी आचेवर वितळणारी शिशाची झिलई खाण्याच्या भांड्यावर कधीच नको. ज्याला ग्लेझच शिकायचं आहे त्याने भद्रावतीच्या ग्रामोदय संघासारख्या, सिरॅमिकचं काम चालत आलेल्या ठिकाणी चौकशी करावी.

घडवणं

नवख्यांना अर्धा किलोचा गोळा द्या आणि पहिले दोन दिवस हातानेच वाटी करू द्या. बाकीचे आपापलं जाणतात.

एकच गोष्ट तिन्ही गटांकडून सक्तीने करून घ्या. बूड अंगठ्याने किंवा लाकडी पट्टीने मधून कडेला आणि कडेकडून परत मध्ये, तीन-चार वेळा चांगलं दाबायचं. चाकावर भिंत ओढताना तिची माती दाबली जाते, बुडाची तशीच सैल राहते आणि जास्त आकसते. बुडाच्या मधोमध नागमोडी तडा पडतो तो यामुळे.

वाळवणं

आता खरा भाग. मातीच्या कणांमध्ये पाणी असतं. ते निघून जाताना कण जवळ येतात आणि भांडं आकसतं. भांडं ओल्या खोबऱ्याइतकं कडक झालं की आकसणं बरंचसं संपलेलं असतं, आणि रंग फिका पडू लागला की जवळजवळ पूर्ण. त्यानंतर उरलेलं पाणी जातं, पण आकार बदलत नाही. म्हणजे जपायचा काळ फक्त सुरुवातीचा आहे. लोक नेमकं उलटं करतात. पहिल्या दिवशी भांडी पडवीत उघडी ठेवतात आणि पाचव्या दिवशी, ती रंगाने फिकी झाल्यावर, उन्हाला घाबरून झाकून ठेवतात.

काठ पातळ, बूड जाड. काठ आधी वाळतो, आकसतो आणि घट्ट होतो. मागाहून बूड आकसायला लागतं तेव्हा काठ त्याला जागा देत नाही, आणि दोघांपैकी जो कच्चा तो फाटतो. त्यामुळे भांड्याच्या सगळ्या अंगांनी एकाच वेळी वाळावं एवढंच बघायचं आहे. सावकाश वाळवणं हा त्याचा एक उपाय झाला. आठ दिवस लावूनही काठ आणि बूड वेगवेगळे वाळले तर तडा जाणारच.

खोली मातीच्या भिंतींची, उत्तरेकडच्या दाराची निवडा. उन्हापेक्षा वारा वाईट, आणि मे महिन्यातल्या गरम वाऱ्याला सावली काही अडवत नाही. वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या बंद करा, बाकीच्यांवर ओलं गोणपाट लावा. जमिनीवर दोन इंच रेती पसरून ती सकाळ-संध्याकाळ भिजवा. दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक मिळतो, तो भिंतीवर टांगा आणि पहिले दोन दिवस काटा ६० ते ७० टक्क्यांवर ठेवा. पंखा बंद. कूलर तर अजिबात नाही. ओली हवा देतो म्हणून तो लावायला सांगणारे बरेच भेटतील, पण तो एकाच बाजूने झोत मारतो, आणि झोताकडची भिंत पाठीमागच्या भिंतीच्या आधी वाळते.

भांडी फळीवर ठेवा आणि फळीवर कोरड्या राखेचा पातळ थर द्या, म्हणजे आकसताना बूड सरकू शकेल. सिमेंटच्या ओट्यावर किंवा प्लास्टिकवर ठेवलेलं बूड चिकटतं आणि जागेवरच ताणलं जातं.

सकाळी उतरवलेल्या भांड्यावर लगेच पिळून घेतलेलं जुन्या धोतराचं किंवा साडीचं सुती फडकं घाला आणि त्यावर सैल प्लास्टिक. शिवाय काठाला दोन बोटं रुंदीची प्लास्टिकची पट्टी वेगळी गुंडाळा. संध्याकाळी प्लास्टिक उलटं करा, कारण आतल्या बाजूला साचलेलं पाणी काठावर टपकलं की तिथली माती सुटते. आठवडाभर प्लास्टिकमध्ये गच्च बांधून ठेवायचा सल्ला बिनकामाचा आहे. बांधलेलं असतं तोवर काही वाळत नाही, आणि सोडल्यावर सगळं एकदम वाळतं.

काठावर बोट हलकेच दाबून वळ उठत नसेल तर भांडं पालथं करा. वाटीला ही वेळ बहुधा त्याच दिवशी संध्याकाळी येते, मोठ्या भांड्याला दुसऱ्या दिवशी. आता बुडाला हवा लागते आणि काठ राखेवर झाकला जातो. सगळ्या वाळवणीत ही एक पायरी सर्वांत मोलाची आहे आणि हीच चुकवली जाते, कारण तोवर शिबिरार्थी घरी गेलेले असतात. संध्याकाळी ७ वाजता पालथं घालायला एक माणूस नेमूनच ठेवा. याच वेळी जाड बुडं खरवडून भिंतीच्या जाडीला आणा, ६ ते ८ मिलिमीटर.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढा, फडकं राहू द्या. तिसऱ्या दिवशी तेही काढा. पहिल्या दिवशी केलेल्या मातीच्या त्या दोन पट्ट्यांवरची रेघ सकाळ-संध्याकाळ मोजत राहा. लागोपाठ दोनदा तेवढीच भरली की माती आकसायची थांबली. ही खूण पट्टीएवढ्या जाडीच्या भांड्यांना लागू. जाड भांड्यांना वर एक दिवस द्या, मग सगळी बेलाशक उन्हात काढा. सकाळचं ऊन आधी, मग दुपारचंही. मे महिन्याचं ऊन इथे उपयोगी पडतं: थंड प्रदेशात जे काम आठवड्याने होतं ते इथे दोन दिवसांत होतं.

वाळलेल्या काठाला तडा दिसला म्हणून त्यावर पाणी शिंपडू नका. काठ फुगतो, खालची भिंत आकसलेलीच राहते आणि तडा खाली उतरतो. ते भांडं मोडा, भिजवा, पुन्हा मळा.

गटागटाची दुखणी वेगळी आहेत, म्हणून जागाही वेगळी द्या. नवख्यांची भांडी खोलीत सर्वांत आत, कारण त्यांची जाडी एकाच भांड्यात ५ पासून १५ मिलिमीटरपर्यंत बदलते. दुसऱ्या गटाला कान आणि झाकणं छळतात. कान अंगापेक्षा पातळ असतो, आधी वाळतो आणि सांध्यातून सुटतो. अंग आणि कान सारख्याच ओलीचे असताना जोडा, दोन्हीकडे ओरखडे काढून मधे पातळ चिखल लावा, आणि कानावर दोन दिवस प्लास्टिकची पट्टी ठेवा. झाकण त्याच भांड्यावर, मधे कागद घालून वाळवा, नाहीतर नंतर बसत नाही. कुंभारांचे माठ दाराकडे चालतील. थापून माती दाबलेली असल्यामुळे ते धीर धरतात. मात्र बारीक गाळलेली माती त्यांच्या रोजच्या मातीपेक्षा जास्त आकसते, हे त्यांना पहिल्याच दिवशी पट्टी दाखवून सांगा.

मुलं पोळ्याचे बैल करणारच. बैलाचं पोट भरीव ठेवू देऊ नका. दोन सेंटिमीटरपेक्षा जाड भाग आतून पोकळ करा आणि पोटाखालून सायकलच्या तारेने आरपार भोक पाडा.

भाजणी

भाजणीचा दिवस कुंभारांच्या माठावरून ठरवू नका, सर्वांत जाड नवख्या भांड्यावरून ठरवा. नवख्यांचं घडवणं भाजणीच्या पाच दिवस आधी बंद. ते सर्वांत जाड भांडं सकाळी आणि संध्याकाळी तोला. वजन उतरायचं थांबलं आणि गालाला लावल्यावर गार लागत नसेल तर ते तयार आहे. आत राहिलेल्या पाण्याची वाफ होताना ती दीड हजार पटीहून अधिक जागा मागते. भांडं फुटतं ते याने, आणि शेजारची चार घेऊन जातं.

आवा पहाटे, वारा पडलेला असताना लावा. भोवती सहा-सात हात जागा साफ, पाण्याचा ड्रम जवळ, आणि शेजारच्या शेतवाल्याला आदल्या दिवशी कल्पना. खाली गोवऱ्या, मधे भांडी, जड खाली आणि हलकी वर, भोवती पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं), वरून तनस (भाताचा पेंढा) आणि ओल्या मातीचा लेप, त्यात वर एक भोक. पहिले तीन तास फक्त कडेने गोवऱ्यांची मंद धग. वरच्या भोकावर स्टीलची ताटली सेकंदभर धरा. तिच्यावर वाफ धरत असेल तर आच वाढवू नका. ताटली कोरडी राहिली की पऱ्हाटी पेटवा.

विझल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उकरू नका. ५७३ अंशांच्या आसपास रेतीतल्या गारेचे कण एकदम आकार बदलतात, आणि त्या टप्प्यावर गार वारा लागला तर अख्खं भांडं टण्‌कन आवाज करून चिरतं. राखेत हात घालता आला की भांडी काढायला घ्या, नवख्यांची आधी.